१३ महिन्यांच्या मुलाचे वजन सात महिन्यांपासून जवळजवळ थांबले आहे. टॉनिक सुरू करावे का?

प्रश्न : एक आई, पंढरपूर तालुका

माझा मुलगा १३ महिन्यांचा आहे. जन्मवेळी त्याचे वजन २ किलो ८०० ग्रॅम होते आणि सहाव्या महिन्यात ते बरोबर ७ किलो भरले, तेव्हा सगळे त्याला गुटगुटीत म्हणत असत. त्यानंतर मी पतसंस्थेतील नोकरीवर परत रुजू झाले. आज त्याचे वजन ७ किलो ६०० ग्रॅम आहे. गेल्या आठवड्यात अंगणवाडीतील सेविकाताईंनी दंडाला पट्टी लावून पाहिली, तेव्हा घेर १२.२ सेंटिमीटर, म्हणजे पिवळ्या पट्ट्यात आला आणि त्याचे नाव मध्यम कुपोषित मुलांच्या यादीत गेले. आमच्या घरी कशाची कमतरता नाही, त्यामुळे हे ऐकून मला फार अपराधी वाटले.

सकाळी दहापासून सायंकाळी सहापर्यंत तो सासूबाईंजवळ असतो. त्या त्याला फार मायेने सांभाळतात. तो दिवसभर काही ना काही खात असतो: सकाळी चहात बुडवलेली दोन-तीन बिस्किटे, दुपारी वरणाचे पाणी आणि मऊ भात, चार वाजता नाचणीच्या सत्त्वाची पेज, आणि दिवसभरात म्हशीच्या दुधाच्या चार बाटल्या. म्हशीचे दूध जड पडते म्हणून त्यात निम्मे पाणी घालतो. सकाळी आणि रात्री मी अंगावर पाजते. घरात माळ असल्याने अंडे आणि मांसाहार चालत नाही. अंगणवाडीतून मिळणारी पाकिटे त्याला आवडत नाहीत, म्हणून ती तशीच पडून राहतात. तो खेळकर आहे, पण अलीकडे थोडा किरकिर करतो आणि भिंतीचे पोपडे काढून तोंडात घालतो.

औषधाच्या दुकानात एक भूक वाढवणारे टॉनिक आणि एक डब्यातील पावडर सुचवली आहे. त्यांपैकी काय द्यावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका

ताई, अपराधी वाटून घेऊ नका. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी जी पिवळ्या पट्ट्यातील मुले पाहिली, त्यांतील कितीतरी मुले खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतील होती. तुमचा दिनक्रम वाचल्यावर मला वाटते की तुमचे बाळ उपाशी नाही, ते पाण्याने भरलेले आहे.

लहान मुलाच्या पोटात एका वेळी वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० मिली एवढेच मावते. तुमच्या मुलासाठी हे सव्वादोनशे-अडीचशे मिली झाले, म्हणजे एक मध्यम वाटी. ती वाटी वरणाच्या पाण्याने भरली तर पोट भरते, मूल तोंड फिरवते, आणि आपण म्हणतो की त्याने पोटभर खाल्ले. डाळ मात्र पातेल्याच्या तळाशी राहते आणि ती मोठी माणसे खातात. एक ते दोन वर्षांच्या, अंगावर पिणाऱ्या मुलाला वरच्या अन्नातून दिवसाला सुमारे ५५० उष्मांक मिळायला हवेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब आहे. पातळ पदार्थांतून हा आकडा गाठण्यासाठी त्याला जेवढे प्यावे लागेल, तेवढे त्याच्या पोटात मावणारच नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला पळीबद्दल आहे. वरण वाढताना पळी तळापर्यंत नेऊन गाळ वर काढावा. दोन भाग तांदूळ आणि एक भाग मूगडाळ घालून गुरगुटी खिचडी करावी आणि ती इतकी घट्ट ठेवावी की चमचा तिरपा केला तरी खाली ओघळू नये. तिच्यात प्रत्येक वेळी एक चहाचा चमचा तेल किंवा साजूक तूप घालावे. एका चमच्यात सुमारे ४५ उष्मांक असतात आणि त्याने वाटीतील जागा जवळजवळ अडत नाही. कुपोषणाशी झगडताना मला याहून स्वस्त आणि कामाचे दुसरे काही सापडले नाही. सोलापूर जिल्ह्यात राहून शेंगदाण्याचा कूट घरात नाही असे होणार नाही. त्याच्या वजनातील निम्म्याच्या आसपास तेल आणि जवळजवळ पाव भाग प्रथिने असतात. अंडे चालत नसलेल्या घरात कूट, डाळ आणि दही यांच्यावर अधिक भार टाकावा लागतो, आणि रोज नेमाने दिल्यास ते तो पेलतात. कूट मात्र अगदी बारीक वस्त्रगाळ असावा, आणि यापूर्वी दिला नसेल तर पहिल्या दिवशी चिमूटभरच द्यावा.

नाचणीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सत्त्वाबद्दल आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. नाचणी भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून जे दूध निघते ते वाळवले की सत्त्व तयार होते. या गाळण्यात कोंड्याबरोबर प्रथिने आणि क्षार यांचाही बराचसा भाग निघून जातो आणि हाती मुख्यतः पिठूळ भाग उरतो. पचायला ते हलके असते, म्हणून सहाव्या महिन्यात सुरुवातीला चालते. तेराव्या महिन्यात मात्र गाळण्याची गरज नसते. नाचणीला मोड आणून, सावलीत वाळवून, मंद भाजून दळून घ्यावी. मोड आलेल्या धान्यात पिष्ट फोडणारे द्रव्य तयार होते. त्यामुळे साध्या पिठाची घट्ट खीर शिजवून कोमट झाल्यावर तिच्यात हे मोडाचे पीठ चमचाभर घातले आणि एक उकळी आणली, तर खीर पाणी न घालताही सैल होते. मुलाला गिळायला सोपे जाते आणि वाटीत पाण्याऐवजी पीठ राहते. आमच्या जुन्या प्रशिक्षणात ही कृती करून दाखवत असत आणि खीर डोळ्यांदेखत पातळ होताना पाहून सेविका हरखून जात.

प्रमाणाविषयी बोलायचे तर या वयात अडीचशे मिलीची पाऊण ते एक वाटी, दिवसातून तीन-चार वेळा, आणि मध्ये एक-दोन वेळा केळे, दही, तूप लावून कुस्करलेली पोळी असे काही द्यावे. अंगणवाडीच्या पाकिटातील पीठ नुसते दिले तर अनेक मुले खात नाहीत, पण त्याचीच धिरडी किंवा तुपावर परतून शिरा केला तर खातात. अनेक घरांत ही पाकिटे शेवटी जनावरांच्या आंबोणात जातात, हे मला माहीत आहे. तुमच्याकडे तसे होऊ नये. चहा मात्र आजच बंद करावा. त्यातील द्रव्यांमुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही आणि बिस्किटांतून मैदा व साखर याखेरीज फारसे काही मिळत नाही.

उत्तर २ : बालरोगतज्ज्ञ, मराठवाडा

वरील सल्ल्याशी मी पूर्णपणे सहमत आहे. काही वैद्यकीय बाबी नोंदवतो.

साधारण मुलगा सहाव्या महिन्यापासून पहिल्या वाढदिवसापर्यंत सुमारे पावणेदोन किलोने वाढतो. तुमच्या मुलाचे वजन सात महिन्यांत सहाशे ग्रॅमच वाढले. १३ महिन्यांच्या मुलासाठी ७ किलो ९०० ग्रॅमच्या खालचे वजन कमी समजतात, पण मला आजच्या आकड्यापेक्षा ही सपाट झालेली रेषा अधिक महत्त्वाची वाटते. ती आहाराने वर येईलच असे गृहीत न धरता एकदा प्रत्यक्ष तपासणी करून घ्यावी. लघवीतील जंतुसंसर्ग बाहेरून दिसत नाही, पण वजन अडवून ठेवतो. घरात कोणाला दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर त्या व्यक्तीची क्षयरोगाची तपासणी आधी करावी.

तुम्ही ओघात लिहिलेले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. भिंतीचे पोपडे किंवा माती खाणे ही नुसती खोड नसते. लोहाची कमतरता असलेल्या मुलांत ती अनेकदा दिसते, आणि जुन्या रंगात शिसे असू शकते, म्हणून ती घातकही आहे. सहा महिन्यांनंतर केवळ आईच्या दुधातून पुरेसे लोह मिळत नाही. म्हशीच्या दुधात लोह अत्यल्प असते, आणि त्यातील कॅल्शियम व प्रथिने इतर अन्नातील लोहही शोषू देत नाहीत. नाचणीत कॅल्शियम भरपूर आहे, हे खरे. लोहाच्या बाबतीत मात्र तिची ख्याती तिच्या कामगिरीहून मोठी आहे. त्यामुळे मुलाचे हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांसाठी शासनाच्या कार्यक्रमात आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे औषध आशाताईंमार्फत दिले जाते. ते प्रतिबंधासाठी असते. रक्तक्षय झालेला असेल तर मात्रा वेगळी असते आणि ती डॉक्टरांनीच ठरवावी. लोहाचे औषध दुधासोबत देऊ नये. वरणात लिंबू पिळण्याची आपली जुनी पद्धत येथे उपयोगी पडते, कारण लिंबातील क जीवनसत्त्वामुळे धान्य-डाळींतील लोह अधिक शोषले जाते.

दुधाबाबत तुमच्याकडे दोन चुका एकदम होत आहेत. निम्मे पाणी घातल्याने दुधाचे पोषण अर्ध्यावर येते, आणि चार बाटल्यांमुळे जेवणासाठी भूक शिल्लक राहत नाही. दिवसाला एकूण ४०० ते ५०० मिली दूध पुरे. ते उकळलेले, पाणी न घातलेले आणि जेवणानंतर पेल्याने किंवा वाटी-चमच्याने दिलेले असावे. बाटलीच्या बुचात जंतू राहतात आणि त्यातून जुलाब होतात. प्रत्येक जुलाबाच्या आजारात आठवडाभराची वाढ वाया जाते. जुलाब झालेच तर ओआरएस सुरू करावे, झिंक १४ दिवस पूर्ण द्यावे आणि खाणे मुळीच बंद करू नये. बरे झाल्यावर निदान दोन आठवडे रोज एक जादा जेवण द्यावे. जंतनाशक आणि अ जीवनसत्त्वाचे डोस राहिले आहेत का, हे कार्डावर पाहून घ्यावे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे वळतो. भूक वाढवणाऱ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या काही औषधांत ॲलर्जीवरचे द्रव्य असते. त्याने मूल सुस्तावते, काही दिवस खाते आणि औषध थांबताच पूर्ववत होते. एवढ्या लहान वयात ते देऊ नये. डब्यातील पावडरींमध्ये साखरेचा वाटा बराच मोठा असतो, शिवाय त्यांपैकी अनेक दोन वर्षांखालील मुलांसाठी नसतात आणि ते डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेले असते. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेये ‘हेल्थ ड्रिंक’ या वर्गातून काढण्यास सांगितले, कारण अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाचा कोणताही वर्गच नाही. त्या डब्याच्या पैशांत महिनाभराचे तूप येईल.

दोन्ही पावलांवर सूज आली, दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी झाला, मुलाने खाणेच सोडले, किंवा शांत असताना श्वासाची गती मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक भरली, तर कोणाच्याही सल्ल्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उत्तर ३ : एक वडील, पुणे

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही, पण शेंगदाण्याचा उल्लेख आला म्हणून लिहिणे मला आवश्यक वाटते. आमची मुलगी २० महिन्यांची असताना एका समारंभात कोणीतरी कौतुकाने तिच्या हातावर प्रसादाचे फुटाणे आणि शेंगदाणे ठेवले. तिला जोराचा ठसका लागला, पाच मिनिटांत ती शांत झाली आणि आम्ही ते विसरलो. पुढे दोन आठवडे तिला खोकला होता, छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता आणि त्यावर दम्याचे औषध चालू होते. अखेर एका डॉक्टरांनी विचारले की याआधी कधी ठसका लागला होता का, तेव्हा आम्हाला तो प्रसंग आठवला. अर्धा शेंगदाणा उजव्या बाजूच्या श्वासनलिकेत अडकला होता आणि तो दुर्बिणीने, पूर्ण भूल देऊन काढावा लागला.

पंढरपुरात तर चुरमुरे, फुटाणे आणि बत्तासे घरोघरी असतात. चार-पाच वर्षांपर्यंत अख्खा शेंगदाणा, फुटाणा, सीताफळाची किंवा चिकूची बी, अख्खे द्राक्ष मुलाच्या हाती लागू देऊ नये. कूट द्यावा, पण त्यात अर्धवट दाणे राहिलेले नाहीत याची खात्री करावी, आणि मूल पळत, हसत किंवा आडवे असताना भरवू नये. अडकलेच आणि मूल जोरात खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. आवाज निघत नसेल आणि चेहरा काळानिळा पडू लागला, तर त्याला पुढे झुकवून दोन खवाट्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा माराव्यात. त्याने निघाले नाही, तर एक वर्षावरील मुलाच्या बेंबीच्या वर मूठ ठेवून पाच वेळा आत आणि वर दाबावे. न दिसणारी वस्तू बोट घालून काढू पाहिल्यास ती आणखी खोल जाते. हे सारे वाचून येत नाही, एकदा कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्यावे, आणि दिवसभर बाळाजवळ असतात त्या आजींनी ते आधी शिकावे.

उत्तर ४ : एक आजी, डोंबिवली

मी स्वतः दोन नातवंडे सांभाळली आहेत, त्यामुळे सासूबाईंच्या बाजूने लिहिते. वरील उत्तरे छापून त्यांच्यासमोर ठेवाल, तर त्यांना वाटेल की एवढे वर्ष आपण केले ते सगळे चुकीचे ठरले. वरणाचे पाणी आणि चहा-बिस्कीट आमच्या पिढीने प्रेमानेच दिले. मला सुनेने नुसते सांगितले असते, तर मीही ऐकले नसते. ती मला बाळाच्या तपासणीला सोबत घेऊन गेली आणि डॉक्टरांनी मलाच विचारले की बाळ दिवसभरात काय खाते. उत्तर देता देताच माझ्या लक्षात आले की मी सात वेळा खायला देत होते आणि जेवण एकदाही देत नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगते. बाळाची ताटली वेगळी असावी. एकाच ताटात भरवले की त्याच्या पोटात किती गेले ते समजत नाही. भरवायला वीस मिनिटे लागतात. तेवढा वेळ आजींना मिळावा म्हणून दुपारचे एखादे काम तुम्ही सकाळी उरकून ठेवावे. मोबाइल दाखवून भरवलेले मूल तोंड उघडते खरे, पण खाणे शिकत नाही. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात सकाळी नऊला केलेली खिचडी दोन वाजता देऊ नये. डाळ-तांदूळ धुऊन ठेवले आणि आजींनी बाराला कुकर लावला, तर ताजे मिळेल. आणि सोप्यात पाण्याच्या बादल्या भरून ठेवलेल्या असतील, तर त्या आतापासून झाका किंवा वर उचलून ठेवा, कारण चालायला लागलेले मूल बादलीत डोकावते आणि वीतभर पाणीही त्याला पुरते. फिनेल आणि रॉकेल शीतपेयांच्या जुन्या बाटल्यांत ठेवण्याची सवय आमच्या घरीही होती.

पाच आठवड्यांनंतर : प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. आजींच्या सल्ल्याप्रमाणे मी सासूबाईंनाच तपासणीला नेले. हिमोग्लोबिन ८.९ निघाले आणि लोहाचे औषध सुरू झाले आहे. लघवीची तपासणी व्यवस्थित आली. चहा आणि बाटली बंद केल्यावर पहिले चार दिवस घरात रडारड झाली आणि दोन रात्री कोणीच झोपले नाही. आता तो पेल्याने दूध पितो, निम्मे सांडतो. खिचडीत कूट आणि तूप असते, आणि सासूबाईंनी स्वतःहून ज्वारीच्या ताज्या भाकरीचा पापुद्रा काढून दुधात कुस्करून देणे सुरू केले, ते तो आवडीने खातो. पाकिटातील पिठाची धिरडीही जमली, मात्र ती त्याच्यापेक्षा त्याचे आजोबा अधिक खातात.

काल अंगणवाडीत वजन ७ किलो ९५० ग्रॅम भरले. दंडाचा घेर १२.४ सेंटिमीटर आहे, म्हणजे पट्टी अजून पिवळ्यातच आहे. मध्ये सर्दी-तापाने एक आठवडा गेला. वाढ पुरेशी आहे का? पोपडे खाणे कमी झाले आहे, पण पूर्ण थांबलेले नाही.

उत्तर ५ : निवृत्त अंगणवाडी पर्यवेक्षिका

आजारपणाचा आठवडा धरूनही पाच आठवड्यांत साडेतीनशे ग्रॅम वाढ, म्हणजे बाळाने अन्न अंगी लावले आहे. या वयात महिन्याला दोनशे ग्रॅम वाढले तरी रेषा वर जाते. दंडाचा घेर वजनापेक्षा हळू भरतो, त्याची घाई करू नका. पोपड्यांची सवय लोह भरून येईपर्यंत थोडी रेंगाळते. तोवर ती भिंत न खरवडता तिथे लाकडी फळी लावून घ्यावी. हिमोग्लोबिन योग्य पातळीवर आले तरी डॉक्टर सांगेपर्यंत औषध थांबवू नका.

एक विचारायचे राहिले. दोन्ही वेळा वजन एकाच काट्यावर आणि कपडे काढून केले होते का? आणि त्याच्या कमरेला चांदीचा करदोडा असेल, तर तोही काढून ठेवला होता का? सहा-सात तोळ्यांचा करदोडा घातलेली मुले मी पाहिली आहेत, आणि त्यांचे वजन महिन्याभरात सत्तर-ऐंशी ग्रॅमने वाढल्याची नोंद नुसत्या चांदीमुळे झालेलीही पाहिली आहे.

प्रश्नकर्ती

काटा तोच होता आणि कपडे काढले होते. करदोडा बारशापासून दोन्ही वेळा अंगावर होता, त्यामुळे फरक पडला नसावा. तरी पुढच्या वजनाच्या दिवशी तो काढून ठेवते.